डाव्या तर्जनीची जखम

१२ सप्टेंबर २००४, रविवार. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात फॉन्ड डु लॅक नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये एक वटवाघूळ शिरलं, भिंतीवर आपटलं आणि खाली पडलं. पंधरा वर्षांच्या एका मुलीने ते उचललं, बाहेर नेऊन सोडलं. सोडता सोडता ते तिच्या डाव्या तर्जनीला चावलं. जखम जेमतेम पाच मिलिमीटरची. घरी हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसून घेतली आणि विषय तिथेच संपला. डॉक्टरांकडे जावं असं कुणाला वाटलं नाही. वटवाघूळ तर उडून गेलं होतं.

ही मुलगी पुढे जगभर माहीत झाली. रेबीजची लस मुळीच न घेता, लक्षणं सुरू झाल्यावरही जगलेली ती वैद्यकीय नोंदींतली पहिली व्यक्ती. तिचं नाव वर्तमानपत्रांत भरपूर छापून आलेलं आहे, इथे ते घेत नाही. तिचं प्रकरण बहुतेक वेळा एका ओळीत सांगितलं जातं: डॉक्टरांनी तिला कोमात घातलं आणि रेबीज बरा केला. ही ओळ मला फार वर्षांपासून खटकते. तिच्यावर विसंबून नंतर कित्येक ठिकाणी तेच उपचार केले गेले आणि रुग्ण दगावत राहिले. म्हणून हे प्रकरण पहिल्या दिवसापासून सांगतो.

महिनाभर काहीच झालं नाही. मुलगी शाळेत जात होती, व्हॉलीबॉल खेळत होती. ऑक्टोबरच्या मध्याला तिला गळून गेल्यासारखं वाटू लागलं आणि डाव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. दोन दिवसांत एकाचे दोन दिसायला लागले, चालताना तोल जायला लागला, उलट्या सुरू झाल्या. मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासलं तेव्हा दोन्ही डोळे बाहेरच्या बाजूला पुरते वळत नव्हते. एमआरआय केला, तो अगदी नॉर्मल. तिला घरी पाठवलं. त्रास वाढतच गेला तेव्हा गावच्या रुग्णालयात दाखल करून पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासलं. त्यात पांढऱ्या पेशी २३ निघाल्या, जवळजवळ सगळ्या लिम्फोसाइट, म्हणजे विषाणूच्या संसर्गात वाढणाऱ्या जातीच्या. मेंदूला सूज आहे आणि बहुधा विषाणूमुळे आहे, एवढं त्यावरून कळलं. कोणता विषाणू, ते कळायला मार्ग नव्हता. पुढच्या दीड दिवसात तिचं बोलणं अडखळू लागलं, डाव्या हाताला कंप सुटला, ताप ३८.८ अंश सेल्सिअसवर गेला आणि गुंगी चढू लागली.

आजाराच्या सहाव्या दिवशी वटवाघळाची गोष्ट बोलण्यात आली.

आता मागे वळून पाहिलं की सगळं डाव्या बाजूला बोट दाखवत होतं. चावा डाव्या तर्जनीला. पहिल्या मुंग्या डाव्या हाताला. पहिला कंप डाव्या हाताला. चाव्याच्या जागी मुंग्या येणं, आग होणं, खाज सुटणं हे रेबीजचं अगदी सुरुवातीचं लक्षण, पाठ्यपुस्तकात पहिल्या परिच्छेदात असतं. पण चाव्याची गोष्टच ठाऊक नसेल तर हाताला येणाऱ्या मुंग्यांची शंभर कारणं असतात. अमेरिकेत माणसाला रेबीज होण्याच्या घटना वर्षाला एक-दोन-तीन. तिथल्या डॉक्टरांना आख्ख्या कारकिर्दीत एकही रुग्ण दिसत नाही. शिवाय या मुलीला पाण्याची भीती वाटत नव्हती.

पाण्याची भीती ज्याने एकदा पाहिली, त्याला निदान शिकवावं लागत नाही. मी शिकत असताना सांसर्गिक रोगांच्या वॉर्डात टोकाला एक अंधारी, शांत खोली असायची. तिथे पंखा लावायचा नाही, कारण वाऱ्याच्या झुळुकीनेही रुग्णाच्या गळ्याला आचके यायचे. तहानेने व्याकूळ झालेला माणूस पेला हातात घ्यायचा, ओठांजवळ न्यायचा, आणि घसा व छातीचा पडदा असा काही आवळला जायचा की पेला दूर फेकला जायचा. माणूस पूर्ण शुद्धीवर असायचा. आपल्याला काय होतंय हे त्याला समजत असायचं. बाहेर नातेवाईक विचारायचे, "काहीच नाही का करता येणार, साहेब?" वॉर्डातले सीनियर मान हलवायचे आणि झोपेचं औषध वाढवायचे. दोन-तीन दिवसांत सगळं संपायचं.

वटवाघळाच्या चाव्यातून होणारा रेबीज पुष्कळदा वेगळा दिसतो. हातापायांची कमजोरी, कंप, तोल जाणं, डोळ्यांच्या नसांवर परिणाम. या मुलीचं तेच झालं होतं.

मधला महिना विषाणू काय करत होता, हे या प्रकरणात महत्त्वाचं आहे. रेबीजचा विषाणू रक्तातून फिरत नाही. चाव्याच्या जागी तो स्नायूत मुक्काम करतो, मग जवळच्या मज्जातंतूच्या टोकातून आत शिरतो आणि तंतूच्या आतून उलट्या दिशेने कण्याकडे आणि तिथून मेंदूकडे चढतो. या प्रवासात शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याचा फारसा पत्ताच लागत नाही. म्हणून प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या अँटीबॉडी, तयार व्हायला उशीर होतो, बहुतेकांच्या बाबतीत मृत्यूच त्याच्या आधी येतो. चाव्यानंतर लस दिली तर शरीराला हा सुगावा वेळेवर लागतो. चाव्यापासून पहिल्या लक्षणापर्यंतची ही मुदत सर्वसाधारणपणे एक ते तीन महिन्यांची, आणि तीच माणसाच्या हातात असते. मुंग्या सुरू झाल्या म्हणजे ती संपली.

१८ ऑक्टोबरला मुलीला मिलवॉकीच्या मुलांच्या रुग्णालयात हलवलं. तिथे संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ डॉ. रॉडनी विलॉबी होते. त्यांनी रेबीजचा एकही रुग्ण आजवर हाताळलेला नव्हता. लाळ, मानेच्या मागच्या त्वचेचा तुकडा, रक्त आणि मणक्यातलं पाणी अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्राकडे पाठवलं गेलं. मानेच्या त्वचेचा तुकडा घेतात कारण केसांच्या मुळाशी असलेल्या बारीक तंतूंपर्यंत विषाणू मेंदूतून उतरलेला असतो. लाळेत विषाणू सापडला नाही. त्वचेतही नाही. मात्र रक्तात आणि मणक्यातल्या पाण्यात रेबीजविरोधी प्रतिपिंडं सापडली. तिने लस कधीच घेतलेली नव्हती, म्हणजे ती आजारातूनच आलेली होती. निदान पक्कं झालं. कोणत्या जातीचा विषाणू होता हे मात्र कधीच कळलं नाही, कारण विषाणू हाती लागलाच नाही. प्रतिपिंडं होती आणि विषाणू सापडला नाही, या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात, पुढे लागतील.

अहवालाची वाट पाहत असताना विलॉबी जुने शोधनिबंध वाचत होते. त्यातून त्यांना दोन गोष्टी दिसल्या. रेबीजने मेलेल्या माणसांच्या मेंदूत, इतक्या भयंकर आजाराच्या मानाने, पेशींची मोडतोड फार थोडी आढळते. आणि अतिदक्षता विभागात ज्या रुग्णांना काही काळ जगवून ठेवलं गेलं, त्यांच्यात विषाणू हळूहळू नाहीसा झाल्याच्या नोंदी होत्या. मग माणूस मरतो कशाने? त्यांचा तर्क असा की विषाणूमुळे मेंदूचा कारभार बिघडतो, हृदयाचे ठोके, रक्तदाब, श्वास चालवणारी यंत्रणा बेताल होते, आणि त्या गोंधळात माणूस जातो. मेंदूला तेवढे दिवस निजवून ठेवता आलं, तर शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती विषाणूचा निकाल लावेल. आजार बरा करण्याचं औषध हाती नव्हतं. वेळ काढायचा होता.

तर्क देखणा होता आणि त्याला पुरावा जवळजवळ नव्हता. आई-वडिलांना हे स्पष्ट सांगितलं गेलं. काहीच न करता तिला वेदना न होता जाऊ देणं हा एक रस्ता. दुसरा रस्ता कुणावरही न केलेल्या उपचारांचा, ज्यात ती जगलीच तर कायमची अपंग होऊन जगण्याची शक्यता मोठी. त्यांनी दुसरा रस्ता निवडला. पंधरा वर्षांच्या मुलीच्या आई-वडिलांनी त्या घडीला याहून वेगळं काही निवडलं असतं, असं मला वाटत नाही. पण समोर बसून दोन्ही बाजू न लपवता मांडणाऱ्या डॉक्टरबद्दल मला आदर वाटतो.

केटामिन, मिडॅझोलम आणि फेनोबार्बिटल देऊन मेंदूच्या लहरी जवळजवळ थांबतील इतकी गाढ बेशुद्धी आणली गेली. श्वास व्हेंटिलेटरवर. केटामिन निवडण्यामागे आणखी एक कारण होतं, प्रयोगशाळेत उंदरांवर ते रेबीजच्या विषाणूला थोडंफार रोखतं असं काही संशोधकांनी दाखवलं होतं. जोडीला रिबाव्हिरिन आणि अमँटाडिन ही विषाणूविरोधी औषधं. लस आणि तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन दोन्ही जाणूनबुजून टाळलं. आपल्याकडे रुग्णाचे नातेवाईक शेवटच्या घटकेला "आता तरी ते इंजेक्शन द्या हो" म्हणून हात जोडतात. लक्षणं सुरू झाल्यावर त्याचा उपयोग होत नाही, आणि इथे तर मुलीची स्वतःची प्रतिपिंडं कामाला लागलेली होती. त्यांच्या कामात बाहेरून ढवळाढवळ नको, असा विचार होता.

साधारण आठवडाभर बेशुद्धी. मणक्यातल्या पाण्यातली प्रतिपिंडं चढत चालली होती, तेव्हा गुंगीची औषधं हळूहळू कमी केली. औषध उतरलं तेव्हा मुलगी पूर्ण लुळी होती. आपण माणूस वाचवला की नुसतं शरीर, हे काही दिवस कुणालाच सांगता येत नव्हतं. मग थोड्या थोड्या हालचाली परतल्या. एकतिसाव्या दिवशी तिला विलगीकरणातून बाहेर काढलं. अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राने २४ डिसेंबरच्या साप्ताहिकात तिची हकिकत छापली. तीत तिची १७ डिसेंबरची अवस्था नोंदली आहे: आधार घेऊन चालते, एका जागी उभ्या सायकलवर आठ मिनिटं पाय मारते, मऊ अन्न स्वतःच्या हाताने खाते, गणिती कोडी सोडवते, हातांच्या खुणांनी बोलते आणि वाचा परतते आहे. रुक्ष सरकारी इंग्रजीतली ही नोंद मी पुष्कळदा वाचली आहे. आठ मिनिटं हा आकडा कुणी तरी घड्याळ लावून मोजला असेल.

१ जानेवारी २००५ रोजी, ७६ दिवसांनी, ती घरी गेली. जून महिन्यात न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये सविस्तर लेख आला. सव्वादोन वर्षांनंतरच्या तपासणीत ती स्वतः मोटार चालवत होती. बोलणं कधीकधी अडखळायचं, चालणं पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. पुढे ती पदवीधर झाली, लग्न झालं, जुळी मुलं झाली.

इथपर्यंतची हकिकत सगळे सांगतात.

या उपचाराला ‘मिलवॉकी प्रोटोकॉल’ नाव पडलं आणि जगभर तो वापरून पाहिला गेला. थायलंडमध्ये ३३ वर्षांच्या एका माणसावर केला, तो गेला. युरोपात, अमेरिकेत, भारतात केला, एकामागून एक रुग्ण गेले. ब्राझीलच्या रेसिफे शहरात २००८ मध्ये वटवाघूळ चावलेला पंधरा वर्षांचा मुलगा वाचला, पण त्याला आजार दिसण्यापूर्वी लसीचे काही डोस मिळालेले होते. यशस्वी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या प्रत्येक उदाहरणात असं काही ना काही वेगळं निघतं. केटामिनचा विषाणूवरचा परिणामही नंतरच्या प्रयोगांत टिकला नाही. कॅनडाचे डॉ. अॅलन जॅक्सन यांनी रेबीजवर आयुष्यभर काम केलं आहे. ही पद्धत वापरू नये आणि नवे मार्ग शोधावेत, असं ते वर्षानुवर्षं लिहीत आले. विलॉबी आणि त्यांचे सहकारी प्रोटोकॉलमध्ये सुधारणा करत राहिले. मला जॅक्सन यांचं म्हणणं पटतं.

मग ही मुलगी कशी वाचली? मघाच्या दोन गोष्टींकडे परत येऊ. मिलवॉकीला पोचली त्याच दिवशी तिच्या रक्तात आणि मणक्यातल्या पाण्यात प्रतिपिंडं होती. बहुतेक रुग्णांत ती मरेपर्यंत दिसत नाहीत. आणि विषाणू कुठेच सापडला नाही. म्हणजे बेशुद्धीचं पहिलं इंजेक्शन टोचण्याआधीच तिच्या शरीराने लढाईचा मोठा भाग आटोपलेला असावा. कदाचित वटवाघळाचा तो विषाणू मवाळ जातीचा असेल. पेरू देशात अॅमेझॉनच्या जंगलातल्या ज्या वस्त्यांवर रक्तपिपासू वटवाघळं नेहमी चावतात, तिथल्या लस न घेतलेल्या काही धडधाकट माणसांच्या रक्तातही रेबीजविरोधी प्रतिपिंडं आढळली. २०१२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. विषाणूशी गाठ पडूनही माणूस निभावून जाऊ शकतो, अशी शक्यता त्यातून दिसते.

ती तशीही जगणारच होती आणि डॉक्टर निमित्त झाले, असं मात्र मी म्हणणार नाही. लाळ गळणारी, गिळता न येणारी मुलगी व्हेंटिलेटर आणि उत्तम शुश्रूषा नसती तर वाचली नसती. पण श्रेय द्यायचं तर ते त्या बारकाईच्या अतिदक्षता सेवेला द्यावं. कोमाला नको.

याला भारतातून आलेला पुरावाही जुळतो. बेंगळुरूच्या निमहान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या संस्थेच्या प्रयोगशाळेने रेबीजमधून वाचलेल्या अनेक भारतीय रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत. ते कोमात घालून वाचलेले नाहीत, नेटाने केलेल्या अतिदक्षता उपचारांनी वाचले. जवळजवळ सगळ्यांना चाव्यानंतर लस मिळाली होती, पण पुरती नाही, किंवा जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, मिळालं नव्हतं. बहुतेक जण अंथरुणाला खिळून आहेत. बोलू न शकणाऱ्या मुलाला नळीने दूध पाजणारी आई या आकडेवारीत कुठे मावत नाही.

आणि एक योगायोग मला नेहमी अस्वस्थ करतो. ज्या डिसेंबर २००४ मध्ये ती मुलगी आठ मिनिटं सायकल मारत होती, त्याच महिन्यात भारताने मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या जुन्या लसीचं उत्पादन थांबवलं. पोटात चौदा इंजेक्शनं म्हणतात ती हीच. डेव्हिड सेम्पल यांनी १९११ साली कसौलीत ती तयार केली आणि नव्वदहून अधिक वर्षं आपण तीच टोचत राहिलो. सुया मोठ्या, पोट सुजायचं, आणि क्वचित लसीतल्या मेंदूच्या अंशामुळे माणसाला लकवा व्हायचा. या चौदा सुयांच्या धास्तीने किती मुलांनी घरी चावा लपवला असेल! आमच्या गावात कुत्रं चावलं की आधी जखमेत चुना किंवा तिखट भरायचे, मग कुणी उतारा देणारा असेल त्याच्याकडे न्यायचे. चौदा सुयांचं नाव काढलं की पोर धूम ठोकायचं.

आता लस दंडावर घेतात, स्नायूत घेतली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. सरकारी दवाखान्यांत थोडी थोडी त्वचेत देतात, तेव्हा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पोट सुजत नाही. पण भीती गेलेली नाही, आणि निष्काळजीपणाही नाही. भारतात दर वर्षी १८ ते २० हजार माणसं रेबीजने मरतात असा जुना अंदाज होता. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) नंतर केलेल्या देशव्यापी पाहणीतून सुमारे ५,७०० हा आकडा पुढे आला. खूप कमी झाला, आणि तरीही यातला प्रत्येक मृत्यू टळणारा होता.

खोल चाव्यानंतर नुसती लस पुरत नाही, कारण तिचा परिणाम व्हायला आठवडाभर तरी जातो. तोपर्यंत विषाणूला जखमेतच अडवण्यासाठी तयार प्रतिपिंडं थेट जखमेत आणि तिच्या भोवती टोचावी लागतात. बोटावरच्या जखमेत सुई घालणं रुग्णाला फार दुखतं, डॉक्टरचाही जीव होत नाही, म्हणून ते दंडावर टोचून मोकळं होण्याचा मोह होतो. दंडावर दिल्याने जखमेतला विषाणू अडत नाही. घोड्यापासून किंवा माणसाच्या रक्तापासून मिळणाऱ्या इंजेक्शनांबरोबर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं मोनोक्लोनल, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं, प्रतिपिंडही आता उपलब्ध आहे. त्याआधी, घरीच, साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. विषाणूच्या भोवती चरबीचं आवरण असतं, साबण ते फोडतो.

गावाकडे दर काही महिन्यांनी एक गोष्ट घडते. पिसाळलेल्या म्हशीचं दूध चहात, खिरीत वापरलं गेलं म्हणून आख्खं गाव प्राथमिक आरोग्य केंद्रापुढे रांग लावतं. उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही, हे सांगूनही कुणाचं समाधान होत नाही. त्याच गावात दारच्या कुत्रीच्या दोन महिन्यांच्या पिल्लाने पोराचा हात ओरबाडलेला असतो आणि त्याची चर्चाही होत नाही. पिल्लू तर आहे, त्याला कशाचा रेबीज! ज्या रुग्णांच्या घरी चाव्याची आठवण शोधावी लागते, तिथे पुष्कळदा पिल्लूच निघतं.

मेंदूला सूज आलेला रुग्ण समोर आला आणि कारण सापडत नसलं की मी घरच्यांना "कुत्रं चावलंय का?" एवढंच विचारून थांबत नाही. त्याला उत्तर बहुधा "नाही" येतं आणि ते खोटंही नसतं. मग मी एकेक नाव घेतो. पिल्लू? मांजर? माकड? गोठ्यातल्या आजारी वासराच्या तोंडात हात घातला होता का? कोल्हा, मुंगूस? वटवाघूळ? चावलं नसेल, पण ओरबाडलं, जखमेवर चाटलं? गेल्या महिन्यात, गेल्या तीन महिन्यांत, गेल्या वर्षात? आईला विचारतो, मग आजीला वेगळं बसवून विचारतो, आणि मुलाच्या बरोबर खेळणाऱ्या भावंडाला शेवटी. घरात न सांगितलेल्या गोष्टी बहुतेक वेळा त्याला ठाऊक असतात.